चार पार्सलं, चार पोरं आणि सासूबाईंचा माळा

बेळगावातल्या शहापूरच्या एका काकूंचं पत्र आलंय. नाव छापू नका असं त्यांनी दोनदा बजावलंय, म्हणून नाव नाही. पत्र लांब आहे, कामाचा भाग तेवढा देते.

“घरात आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नातू. मुलगा उद्यमबागेत कामाला, सून बँकेत. दोघांना बाजारात जायला सवड नाही, म्हणून सगळं मोबाइलवरून मागवतात. परवा एका दिवसात चार पार्सलं आली आणि ती चार वेगवेगळ्या पोरांनी आणून दिली. एकात चार्जर, एकात गुडघ्याचा पट्टा, एकात फुलवाती आणि एकात तीन कुर्ते. त्यातले दोन परत जायचे. चार्जरचा खोका एवढा मोठा, की आमचा पितळी तांब्या आत बसला. मी बसवून बघितला. बाकी आत कागदाचे बोळे आणि हवेच्या पिशव्या. बाजारातून आणलं तर असली नासाडी होतच नाही. आमच्या गल्लीच्या नावाची दुसरी गल्ली आहे, एक पोरगा तिकडे फिरून आला आणि फोनवर मलाच बोलला. पोस्टमनला हे घर इतकी वर्षं सापडतंय, यांना कसं सापडत नाही? कचऱ्याच्या गाडीवाला थर्माकोल बघून तोंड फिरवतो. प्लास्टिक बंद केलंय म्हणतात, मग हे येतंय कुठून? कंपनीला कुणी विचारत का नाही? गेल्या महिन्यात चंदगडला लेकीकडे, तिकडच्या नातवासाठी सायकल मागवली. ती पोचायला आठवडा लागला. मी एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येते! सुनेला काही बोलले तर ती गप्प होते आणि मग दोन दिवस घरच गप्प. मुलगा म्हणतो, आई, तू यात पडू नको. मी बोलू की नको? ता. क. चांगले खोके टाकवत नाहीत. माळा भरलाय.”

काकू, नमस्कार.

सुनेला बोलू नका. कारण सांगते. तुमचंच पत्र परत एकदा वाचा. चार्जर मुलाचा असेल, कुर्ते सुनेचे. गुडघ्याचा पट्टा कुणाच्या गुडघ्याला? आणि फुलवाती कोण लावतं? त्या दिवशीच्या चारातली दोन पार्सलं तुमच्यासाठी होती. सून तुम्हाला हवं ते मुकाट मागवून देते आणि वर खोक्यांबद्दल बोलणी पण तीच खाते. ती गप्प होते ती बहुतेक त्याचमुळे. तेव्हा विषय अख्ख्या घराचा धरू आणि पुढं जाऊ.

तांब्या बसवून बघितलात ते बरं केलंत. असा मोठा खोका का येतो, ते एकदा समजून घ्या. गोदामात माल भरणाऱ्या माणसापुढं ठरावीक मापांचे खोके रचलेले असतात. कुठला घ्यायचा ते समोरचा संगणक सुचवतो. सुचवलेलं माप संपलेलं असलं की हाताला येईल ते त्याच्या वरचं. एका पार्सलाला त्याला मिळणारा वेळ फार थोडा असतो. चार्जरच्या मापाचा खोका हुडकत बसला तर मागं माल तुंबतो. शिवाय वस्तू फुटून परत आली की जाण्यायेण्याचं भाडं, बदली वस्तू, वर गिऱ्हाइकाची बडबड. त्यापुढं जास्तीचा पुठ्ठा आणि मूठभर हवा कंपनीला स्वस्त पडते. त्यात आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर पोराच्या पाठीवरच्या बॅगेत पार्सल भिजणारच, म्हणून पुठ्ठ्यावर आणखी एक प्लास्टिकची पिशवी.

मजा अशी, की मोठा खोका कंपनीलाही महागात पडतो. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, जागा पण बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायची. येणारं उत्तर म्हणजे त्या खोक्याचं ‘आकारमानाचं वजन’. खऱ्या वजनात आणि या वजनात जे जास्त, त्याचं भाडं. तुमचा तो तांब्या बसलेला खोका समजा ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरचा असेल. गुणाकार १५,०००, म्हणजे तीन किलो. आत चार्जर शंभर ग्रॅमचा. तीन किलोचं भाडं भरून कंपनीनं तुम्हाला हवा पाठवली. हे भाडं शेवटी कुणाच्या खिशातून जातं ते सांगायला नको. पोच फुकट असं लिहिलेलं असलं तरी.

पण मला विचाराल, तर पुठ्ठ्यावर तुम्ही जरा जास्तच चिडलात. पुठ्ठा रद्दीवाला घेतो, चार पैसे देतो, त्याचा परत पुठ्ठा होतो. खरी नासाडी तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात: चार पोरं. चार गाड्या, चार वेळचं पेट्रोल, त्यातला एक चुकून दुसऱ्या गल्लीत, आणि दोन कुर्ते न्यायला आणखी एक जण येणार. खोक्याचं माप तुमच्या हातात नाही. खेपा आहेत.

चार वस्तू एकाच वेळी मागवल्या तरी त्या बहुतेक वेळा वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या असतात. एकीचं गोदाम बेंगळुरात, दुसरीचं मुंबईकडं, तिसरीचं आणखी कुठं. अॅपवर त्या एका पिशवीत दिसतात म्हणून आपण समजतो की एकत्रच येणार. मागवताना विक्रेत्याचं नाव बघायला मुलाला सांगा. एकाच विक्रेत्याकडनं दोन-तीन वस्तू मिळत असतील तर दहावीस रुपये जास्त गेले तरी चालतील. काही अॅपांवर सगळा माल एकाच दिवशी द्या असं सांगायची सोय असते. ती पटकन डोळ्यात भरेल अशा जागी नसते. ‘उद्याच पोच’ मात्र ठळक असते. ज्या वस्तूची उद्या गरज नाही ती उद्या मागवू नका. घाईचं पार्सल असेल त्या गाडीत, असेल त्या खोक्यात बसून निघतं. सावकाशीचं पार्सल थांबतं आणि गाडी भरून येतं.

दुसरी बाजू पण सांगते. बाजारात जाऊन आणलं की कचरा नाही, नासाडी नाही, असं तुमच्या पत्रात दिसतं. एका फुलवातीच्या पाकिटासाठी शहापूरहून गणपत गल्लीला रिक्षा करून जाणं हीही खेपच. एका गाडीत पन्नास घरांचा माल घेऊन फिरणारा माणूस, पन्नास घरच्या पन्नास स्कूटरांपेक्षा कमी पेट्रोल जाळतो. गाडी भरलेली असली, पत्ते नीट असले आणि माल परत गेला नाही, तरच हे खरं. यातलं एक बिघडलं की हिशेब उलटा होतो. तुमच्या घरी त्या दिवशी तिन्ही बिघडलं.

आता पत्ता. पोस्टमनला घर सापडतं कारण तो वर्षानुवर्षं त्याच बीटवर आहे. पार्सलाचा पोरगा आज शहापुरात, पुढच्या महिन्यात टिळकवाडीत, दिवाळीनंतर कदाचित दुसऱ्याच नोकरीत. बऱ्याच जणांना पार्सलामागं पैसे मिळतात. पार्सल पोचलं नाही तर ती खेप त्याच्याच पेट्रोलवर. फोनवर तो तुम्हाला का बोलला असेल ते आता कळेल. त्यानं बोलायला नको होतं, ते वेगळं.

आपल्याकडं मारुती गल्ली खुद्द बेळगावच्या बाजारात आहे आणि आजूबाजूच्या गावागावात पण आहे. लक्ष्मी गल्ली, रामदेव गल्ली यांचंही तेच. एकाच नावाची गावं, न जुळणारे पत्ते, वेगवेगळ्या भाषांतली अक्षरं, याच घोळावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. तो बसवणारा माणूस मराठी होता, श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी आणि संस्कृतातले कवी. तेव्हा तुमच्या घरच्या अॅपात पिन काय घातलाय तो बघा. शहापूरचा ५९०००३, वडगावचा ५९०००५, टिळकवाडीचा ५९०००६. आपल्याकडचे निम्मे लोक सवयीनं ५९०००१ ठोकून देतात आणि पार्सल आधी चुकीच्या पोराच्या हातात जातं. गावाचं नाव अॅपात कुठं जुनं बेळगाव असतं, कुठं २०१४ नंतरचं बेळगावी. पार्सलाला त्याचं काही पडलेलं नाही, ते आकडे वाचतं.

पत्त्यात गल्लीच्या पुढं सगळ्यांना माहीत असलेली एक खूण लिहा. देऊळ, गिरणी, शाळा, काही पण. ‘पाटलांच्या घराजवळ’ असं नको, शहापुरात पाटील किती! आणि पत्ता इंग्रजी अक्षरांत असू दे. पोरगा गोकाकचा, कानडी असला तर देवनागरी वाचत तो चौकात उभा राहील. हा भाषेचा लढा नाही हो. त्यासाठी आपल्याकडं दुसरी बरीच निमित्तं आहेत.

चंदगडच्या सायकलीचं कोडं पण पिनमध्येच आहे. बेळगावचा पिन ५ नं सुरू होतो, चंदगडचा ४१६५०९. पहिला आकडा म्हणजे टपालाचा विभाग. कर्नाटक ५ मध्ये, महाराष्ट्र ४ मध्ये. तुम्हाला चंदगड म्हणजे शिनोळीवरून पुढं थोडं. नकाशावर ते कोल्हापूर जिल्ह्यात, आणि जिल्ह्याचं गाव तिथून शंभरावर किलोमीटर. पार्सलाला जवळचं गाव कळत नाही, त्या पिनला जोडलेलं केंद्र कळतं. निपाणीकरांचा अनुभव हाच, फक्त उलट्या बाजूनं. निपाणी ५९१२३७, कागल ४१६२१६, मध्ये सीमेवरचा कोगनोळीचा नाका. माणसं रोज इकडून तिकडं जातात. पार्सलं मात्र आपापल्या केंद्राची वाट धरतात.

म्हणून सीमेपलीकडच्या घरांसाठी माझा सल्ला सरळ आहे. जड, मोठी वस्तू लेकीकडं पाठवायची तर ती बेळगावातच घ्या. सायकलीची दुकानं आपल्याकडं कमी नाहीत. दुकानदार हवा भरून, ब्रेक बघून देतो. न्यायला टेम्पो किंवा गावाकडं जाणारा ओळखीचा माणूस मिळतो. पुठ्ठा नाही, थर्माकोल नाही. नातवाला सीटची उंची जमली नाही तर बदलायला परत तासाभराचाच रस्ता.

प्लास्टिकबंदीचं विचारलंत. कर्नाटकनं मार्च २०१६ मध्ये पिशव्या, ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी घातली. महाराष्ट्रानं मार्च २०१८ मध्ये. देशभर १ जुलै २०२२ पासून आणखी काही वस्तू बंद झाल्या. त्यात सजावटीचा थर्माकोल आहे, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची प्लास्टिक फिल्म पण आहे. म्हणजे कुंद्याच्या खोक्यावर फिल्म लावली तर नियम मोडतो, आणि चार्जरभोवती हवेच्या चार पिशव्या कोंबल्या तर चालतं. टीव्हीभोवतीचा थर्माकोल पण चालतो. मालाच्या वेष्टनाला वेगळा नियम आहे. बाजारात जितकं प्लास्टिक सोडलं त्याच्या प्रमाणात गोळा करून पुनर्वापराला लावायची जबाबदारी कंपनीची, हे फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनं पक्कं झालं. पण तो हिशेब कंपनीच्या देशभरच्या आकड्यावर होतो. तुमच्या दारातली पिशवी न्यायला कुणी येत नाही. ती कचऱ्याच्या गाडीतून तुरमुरीच्या कचरा डेपोला जाते. वाऱ्याची दिशा फिरली की काय होतं, ते तुरमुरी-उचगावच्या लोकांना विचारा.

कंपनीला कुणी विचारत का नाही, असं तुम्ही लिहिलंय. विचारता येतं. पण मोठा खोका हा काही मालातला दोष नाही, त्यामुळं ग्राहक आयोगात जाऊन त्यावर भांडण्यात अर्थ नाही. तांब्या आत ठेवलेल्या खोक्याचा फोटो काढा, शेजारी चार्जर ठेवा, आणि मुलाला तो ऑर्डर क्रमांकासह अॅपवरच्या वेष्टनाच्या अभिप्रायात टाकायला सांगा. शब्दांपेक्षा तो फोटो जास्त बोलेल. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवावाच लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याच्या आत. परत दिलेल्या कुर्त्यांचे पैसे अडकले, तर मात्र आढेवेढे न घेता हाच रस्ता धरा. तिथंही दाद लागली नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर.

कुर्त्यांवरून आठवलं. एकाच कुर्त्याची तीन मापं मागवून दोन परत करणं, ही या सगळ्यातली सगळ्यात उधळी सवय आहे. परत गेलेला कपडा पुन्हा गोदामात जातो, उलगडून तपासला जातो, परत घडी, परत पिशवी. सगळाच माल नव्यानं विकला जातो असंही नाही. साड्या-कपड्यांच्या पेठेत राहून कुर्ता मोबाइलवरून का, हा प्रश्न मला पण पडला. पण बँकेतनं सातला घरी येणाऱ्या बाईला तो विचारायची माझी तयारी नाही. तिच्या अंगाला नीट बसणारा एक कुर्ता काढा, टेपनं छाती-खांदा-उंची मोजून इंचात लिहा आणि तो कागद कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. विक्रेत्याच्या तक्त्याशी तो जुळवला की बहुतेक वेळा एकच माप मागवावं लागेल. हे काम तुम्ही करा. बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त, आणि सुनेला ते आवडेल पण.

घरात एवढं करा. स्वयंपाकघरात एक वही लटकवा. ज्याला जे हवं ते त्यानं त्यात लिहायचं, तुमच्या वातींसकट. मागवायचं आठवड्यात एकाच दिवशी, मुलानं किंवा सुनेनं बसून. आपल्या आया महिन्याच्या वाणसामानाची यादी वाण्याला एकदाच द्यायच्या. तीच रीत, फक्त आता वाणी मोबाइलमध्ये. गंमत बघा, मधले दोन-तीन दिवस गेले की यादीतल्या काही गोष्टी आपोआप खोडल्या जातात. आधी हव्याशा वाटलेल्या नंतर नकोशा होतात. वाती, उदबत्ती, शार्पनर, वह्या असल्या वस्तू यादीत आल्या की त्यांच्यापुढं ‘दुकान’ लिहायचं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला फोन केला की त्याचा पोरगा कापडी पिशवीतून आणून देतो आणि पिशवी परत नेतो. घरी कुणी नसेल त्या वेळचं पार्सल त्याच दुकानात ठेवायला सांगा, त्याला आधी विचारून. दुसरी खेप वाचेल.

थर्माकोल गाडीवाला घेत नाही, भंगारवाला पण घेत नाही. जागा पोतंभर आणि वजन काहीच नाही, त्याला काय मिळणार? घरात आल्यावर त्याला वाट नाही, म्हणून तो आत येण्याआधीच अडवायचा. टीव्ही, मिक्सर, फ्रिज शक्यतो खडेबाजारातनं घ्या आणि घेतानाच सांगा, उघडून लावून द्या आणि वेष्टन परत न्या. सौद्याच्या वेळी बोललात तर बरेच दुकानदार तयार होतात. पैसे दिल्यावर नाही. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. आपल्याकडं अजून बंब पेटतात, त्यात सकाळी हाताला येईल ते ढकलायची सवय असते. कोरा पुठ्ठा घातलात तर एकवेळ चालेल, टेप आणि लेबल काढून. हवेच्या पिशव्या, थर्माकोल बंबात बिलकूल नको. तो धूर नातवाच्या नाकात जातो.

राहता राहिला माळा. सगळे खोके मृगाच्या आधी उतरवा. पावसात पुठ्ठा ओल धरतो, मग झुरळं होतात, वाळवी लागली तर माळ्याची फळीसुद्धा जाते. ओल्या पुठ्ठ्याला रद्दीवाला भाव पण पाडून देतो. गौरीच्या मुखवट्यांना एक, दिवाळीच्या पणत्यांना एक आणि वेळप्रसंगाला एक असे तीन चांगले ठेवा. बाकीचे टेप ओढून सपाट करा, सुतळीनं गठ्ठा बांधा आणि द्या. देण्याआधी प्रत्येकावरचं लेबल फाडून काढा. त्यावर तुमचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर सगळं असतं, आणि ‘पार्सल आलंय, ओटीपी सांगा’ म्हणणारे खोटे फोन करायला तेवढं पुरतं.